कोरल की पेजमेकर? आधी प्रेसवाल्याला विचारा

सप्रेम नमस्कार ताई,

देवगडहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा बारावी झालाय, घरी आंबापोळी-कोकम सरबताचा धंदा आहे, क्लासवाले 'पेजमेकरसकट सगळं शिकवतो' म्हणतात आणि तुम्हाला घरची लेबलंही निघतील नि त्याचं पोटही चालेल असं एकच सॉफ्टवेअर हवंय.

पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, सोडा. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. ऑफिससोबत येणाऱ्या पब्लिशरवरही मुलाला बसवू नका. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २०२६मध्ये ते बंद करतंय.

पैसे भरण्याआधी मुलाला तुमची लेबलं छापणाऱ्या प्रेसमध्ये पाठवा. "फाइल कशात देऊ?" एवढंच विचारू दे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, स्टिकर करणारे बहुतेक जण कोरलड्रॉ (चित्रं-अक्षरं मांडायचं सॉफ्टवेअर) सांगतील. तालुक्यात राहून काम करायचं तर तेच शिकावं. पुस्तकं-मासिकांकडे ओढा असेल तर इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर. पण त्याचं भाडं भरत राहावं लागतं, आणि पावसात तुमचा धंदा थंडावला म्हणून ते थांबत नाही. घरी हात बसवायला त्याच कामाचं स्क्रायबस फुकट मिळतं. १.६ किंवा पुढचीच आवृत्ती घ्या, जुन्यात जोडाक्षरं फुटतात.

खरी गोम मराठी अक्षरांत आहे, आणि क्लासवाले नेमकं तेच घाईत उरकतात. जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी ओळखणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. मी स्वतः एकदा नमनाच्या कार्यक्रमपत्रिकेची फाइल तशीच दिली होती; रात्री अकराला प्रेसवाल्याचा फोन, "ह्यां काय लिवलंस?" तेव्हा टायपिंग युनिकोडमध्येच, आणि छपाईला देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रासारखी रेषाकृती करून. मूळ फाइल मात्र वेगळी जपायची, कारण कर्व्ह केलेल्या मजकुरातली चूक टाइप करून सुधारता येत नाही.

दुसरं रंगाचं. स्क्रीनवरचा हापूसचा झळझळीत केशरी सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी अशा चार शाईंच्या) छपाईत मंद होतो. पहिलं प्रूफ (नमुन्याची छापील प्रत) काढल्याशिवाय हजार लेबलं टाकू नका. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर जाणारा जादा रंग, ठेवायला सांगा, नाहीतर कापताना पांढरी रेघ दिसते.

महागडा कोर्स महिनाभर थांबू द्या. तोवर त्याने कोकम सरबताचं एक लेबल पुरतं करावं: वजन, घटक, बनवल्याची तारीख, अन्न परवान्याचा क्रमांक, सगळं बसवून. छापील प्रूफ मला टपालानं पाठवा, मोबाइलवरचा फोटो नको.