नव्या आवृत्तीत आधी काय शिकावे

आपण लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतलीत, हे उत्तम केलेत; मात्र नव्या सोयींची लांबलचक यादी पाहून गोंधळू नका. ऑगस्ट २०२४ मधील २४.८ या आवृत्तीपासून कॅल्कमध्ये, म्हणजे त्यातील स्प्रेडशीटमध्ये, आलेले ‘एक्सलुकअप’ (XLOOKUP) हे यादीत एखादी नोंद शोधून तिच्यासमोरची माहिती आणून देणारे एकच सूत्र आधी हातात बसवा, कारण रोजच्या कामात त्याचाच सर्वाधिक उपयोग होतो.

याच कामाच्या जुन्या ‘व्हीलुकअप’ (VLOOKUP) सूत्रामध्ये जुळणीचा प्रकार सांगणारा शेवटचा पर्याय द्यायचा राहिला की ते अंदाजे जुळणी करते. समजा, वस्तूंचे क्रमांक आणि दर यांच्या चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत १०४५ हा क्रमांक नसेल, तर ते मुकाट्याने १०४४ चा दर आणून ठेवते आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. एक्सलुकअप मुळातच नेमकी जुळणी शोधते. शिवाय त्यात स्तंभाचा क्रमांक मोजून लिहावा लागत नाही.

नवशिक्यांच्या दोन चुका मला नेहमी दिसतात:

- समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे हे न विचारता नवी सूत्रे असलेली फाइल पाठवणे. जुन्या आवृत्तीत ती सूत्रे चालत नाहीत.
- मूळ फाइलवरच प्रयोग करणे. आधी प्रत काढा.

अटीत बसणाऱ्या नोंदी निवडणारे ‘फिल्टर’ आणि नोंदी क्रमाने लावणारे ‘सॉर्ट’ ही सूत्रे त्यानंतर घ्या. सूत्राच्या आतच किमतींना नावे देणाऱ्या ‘लेट’कडे तूर्त वळूच नका.