'चालवा', 'वापरा' की 'करून पाहा'?

प्रश्न : मी फोंड्याला राहतो आणि फावल्या वेळात एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे संदेश मराठीत आणतो. अमुक कमांड द्या, ही एकच सूचना इंग्रजीत कुठे 'रन', कुठे 'यूज', तर कुठे 'ट्राय' अशी येते. मराठीतही तीन क्रियापदे ठेवावीत का? आणि मूळ इंग्रजीतच एकसारखेपणा आणा, असे त्या मंडळींना सुचवावे का?

उत्तर : तीन शब्दांमागे तीन अर्थ असतील तरच मराठीत तीन क्रियापदे यावीत. बहुधा तसे नसते. निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या हातांनी संदेश लिहिले, एवढेच कारण असते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील 'एलएस' या फायलींची यादी दाखवणाऱ्या कमांडला चुकीचा पर्याय (कमांडपुढे जोडायचा '--हेल्प'सारखा शब्द) दिला की 'ट्राय एलएस --हेल्प' अशा अर्थाची ओळ उमटते. तिच्यात 'जमते का बघा' हा भाव मुळीच नाही, म्हणून तेथे 'अधिक माहितीसाठी एलएस --हेल्प चालवा' हेच बरोबर. उपाय लागू पडेलच याची खात्री नसेल तेथे 'करून पाहा' राखून ठेवावे, आणि 'वापरा' हे कमांडपुढे जोडायच्या पर्यायांना द्यावे. बोलताना आपण सर्रास 'कमांड मार' म्हणतो, ते पडद्यावर शोभणार नाही. पण 'आज्ञा कार्यान्वित करावी' हा नोटीस-फलकावरचा सूरही नको.

मूळ मजकुराबद्दल अवश्य सुचवा, मात्र वेळ पाहून. 1995 पासून चालत आलेल्या ग्नू गेटटेक्स्ट या अनुवाद-साधनात मूळ इंग्रजी वाक्य हीच अनुवादाची किल्ली असते, तिच्यावरूनच अनुवाद शोधला जातो. तेथे 'यूज'चे 'रन' केले, तर जुना मराठी अनुवाद फार तर 'फझी' (म्हणजे अनिश्चित, तपासायचा) अशी खूण घेऊन उरतो, आणि फझी नोंदी संकलनात (अनुवादाची फाइल सॉफ्टवेअरसाठी तयार करताना) सहसा वगळल्या जात असल्याने वापरणाऱ्याला पुन्हा इंग्रजीच दिसते. एका शब्दाच्या सुधारणेपायी सगळ्याच भाषांचे काम असे उसवते. म्हणून हे बदल सुटे-सुटे न करता एकाच खेपेस, आणि आवृत्तीची वाक्ये गोठवण्याच्या (आता बदल नाहीत, असे ठरवण्याच्या) बरेच आधी व्हावेत.

त्याच खेपेस आणखी एक मागणी करा : कमांड वाक्यात न लिहिता तिच्या जागी टक्का-एस (%s, म्हणजे सॉफ्टवेअरने नंतर भरायची जागा) ठेवावा. एका अनुवादात 'गिट पुल' या कमांडचे 'गिट ओढा' झालेले मी पाहिले आहे, आणि ती कमांड कोणताही संगणक ओळखणार नाही. कमांड बाहेर काढली की हा धोका टळतो, शिवाय दहा कमांडींना एकच वाक्य पुरते. टक्का-एसला मात्र 'ला', 'ने', 'चा' चिकटवू नका, कारण तेथे काय येईल ते आपल्याला ठाऊक नसते. 'ही कमांड चालवा :' असे लिहून ती शेवटी ठेवावी. जागा दोन असतील आणि मराठीत त्यांचा क्रम उलटत असेल, तर टक्का-एक-डॉलर-एस (%1$s), टक्का-दोन-डॉलर-एस (%2$s) असे क्रमांक घालावेत.