आधी सीट, मग पॉइंट

प्रश्न : ताई, माझा भाऊ लंडनला असतो. त्याला मुलगा झाला आहे आणि आईला नातू पाहायचा आहे. आई ७४ वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले, पाय खाली सोडून बसली की तासाभरात सुजतात. तिला एकदा तरी बिझनेस क्लासने पाठवावं असं फार मनात आहे. माझ्या क्रेडिट कार्डावर दीड लाख पॉइंट साठलेत. शाळेतले एक सहकारी म्हणतात, ते आजच विमान कंपनीच्या खात्यात टाका, नाहीतर त्यांची किंमत घसरेल. आईला मे महिन्यात जाऊन चवथीपूर्वी परत यायचं आहे. काय करू?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : आज काहीही टाकू नका. कार्डावरचे पॉइंट एकदा विमान कंपनीचे माइल्स, म्हणजे तिच्या तिकिटांसाठी वापरायचे पॉइंट, झाले की सहसा परत फिरत नाहीत. आणि माइल्स आहेत म्हणजे सीट आहे असं नाही. प्रत्येक विमानात माइल्सवर द्यायच्या बिझनेसच्या सीट मोजक्याच सोडतात, कधी दोन, कधी एकही नाही.

पणजीत २६ वर्षं मी लोकांची तिकिटं काढली, आणि स्वतःच्या घरात नेमकी हीच चूक केली. सासूबाईंना टोरोंटोला नणंदेकडे न्यायचं होतं. ९० हजार पॉइंट होते, ते सगळे एका कंपनीकडे वळवले. नंतर सात-आठ महिने रोज रात्री जेवणं आटोपली की मी संगणकापुढे बसायची. दोघींना एका दिवशी सीट मिळाली नाही. पॉइंट कार्डावरच असते तर दुसऱ्या कंपनीकडे नेता आले असते. ते अडकले आणि मुदत संपून गेले. सासूबाई शेवटी इकॉनॉमीने गेल्या. उतरताना त्यांच्या चपला पायांत जाईनात. ते पाय मला अजून आठवतात, म्हणून इतकं निक्षून लिहिते आहे.

तेव्हा आधी सीट शोधा. विमान कंपनीचं खातं फुकट उघडता येतं. ते आईच्या नव्हे, तुमच्याच नावाने उघडा, कारण कार्ड तुमचं आहे. तुमच्या माइल्सवर आईचं तिकीट निघतं. काही कंपन्यांत मात्र तिचं नाव आधी नोंदवावं लागतं. उदाहरणार्थ, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स-योजनेत अशी पाच नावं नोंदवता येतात. खात्यात शिरून तारीख टाका, सीट डोळ्यांनी दिसू द्या, आणि मगच लागतील तेवढेच पॉइंट वळवा. काही कंपन्यांकडे माइल्स मिनिटांत पोचतात, काहींकडे दिवस लागतात. ते कार्डवाल्यांना आधीच विचारून ठेवा.

कुठे शोधायचं? एअर इंडियाच्या महाराजा क्लब या माइल्स-योजनेत बघाच. ही कंपनी २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे तिचे माइल्स लुफ्तान्झा, टर्किश अशा भागीदारांच्या विमानांतही चालतात. दुसरी वाट दोह्यावरून. कतार एअरवेजने २०२४ च्या जूनमध्ये गोव्यातला दाबोळी विमानतळ सोडून मोपा धरला. त्यांच्या माइल्सचं नाव अव्हिओस, आणि ब्रिटिश एअरवेजच्या माइल्सचंही तेच. दोन्ही खाती जोडली की अव्हिओस इकडून तिकडे नेता येतात. तुमचं कार्ड यांपैकी कुणाकुणाकडे पॉइंट पाठवतं आणि किती पॉइंटांना किती माइल्स देतं, एवढं आज रात्री बघून ठेवा.

माइल्सचं तिकीट फुकट नसतं, कर आणि अधिभार रोख भरावे लागतात. समजा एका बाजूचं तिकीट १,६०,००० रुपयांना आहे आणि माइल्सवर ते ८०,००० माइल्स अधिक २०,००० रुपयांना मिळतं. म्हणजे वाचले १,४०,०००, माइलमागे पावणेदोन रुपये. कार्डाच्या पोर्टलवर, म्हणजे पॉइंटांनी खरेदी करायच्या त्यांच्या वेबसाइटवर, एका माइलला लागणाऱ्या पॉइंटांना याहून कमी धरत असतील तर माइल्सच बरे.

लंडनहून निघताना ब्रिटिश सरकारचा प्रवासी कर लागतो, माइल्सच्या तिकिटालाही. भारताइतक्या अंतराला १ एप्रिल २०२६ पासून तो इकॉनॉमीत १०२ पौंड आणि वरच्या वर्गांत २४४ पौंड आहे. पॉइंट एकाच बाजूला पुरत असतील तर ते जाताना वापरा. येतानाचं तिकीट वेगळं काढता येतं. त्यात पुढे जास्त जागा असलेली, वाटेकडची सीट घ्या.

आता तारखा. मे म्हणजे शाळांची सुट्टी, तेव्हा माइल्सच्या सीट दुर्मीळ. मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जाता आलं तर बघा, आणि मंगळवार-बुधवार तपासा. साधारण अकरा महिने आधी सीट खुल्या होतात. निघण्याच्या आठवड्यातही काही सुटतात, पण आईसाठी त्या भरवशावर राहू नका.

एका गोष्टीवर मी हटून बसेन : गोव्यापासून लंडनपर्यंत एकच तिकीट. मुंबईपर्यंत वेगळं स्वस्त तिकीट काढलं आणि ते विमान रखडलं, तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबणार नाही, नवं तिकीटही कुणी देणार नाही. शिवाय मुंबईत सामान उतरवून घ्यायचं, पुन्हा द्यायचं, हे आईच्या गुडघ्यांनी का करायचं? माइल्सवर सीट मुंबईहूनच मिळाली, तर आदल्या दिवशी मुंबईत पोचा आणि नातेवाइकांकडे रात्र काढा. कोकणकन्येनेही जाता येईल, पण परतताना पाऊस असेल आणि पावसाळी वेळापत्रकात गाडी जास्त वेळ घेते, तो हिशेब धरा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

प्रश्न : ओळखीतला एक जण निम्म्या भावात माइल्स विकतो आहे. घ्यावेत का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मुळीच नाही. सर्वसाधारणपणे विमान कंपन्यांच्या नियमांत माइल्सची अशी विक्री बसत नाही. पकडलं गेलं की खातं बंद करतात आणि तिकीट रद्द करतात, अगदी प्रवास सुरू झाल्यावरसुद्धा. विकणाऱ्याकडे पैसे पोचलेले असतात, आणि काउंटरपुढे सामान घेऊन उभे तुम्ही असता.