‘मुलगी दिवसभर माकडं बघत बसते, तिला जरा समजवा’

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं नेहमीचंच आहे, मुलीच्या आवडीत पैसा नाही आणि वडिलांचा जीव टांगणीला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र दोनतीन ठिकाणी अडकले.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. दादांची मुलगी 26 वर्षांची, एमएस्सी झूलॉजी, गेली दोन वर्षं प्राण्यांच्या वर्तनावरच्या एका प्रोजेक्टवर नोकरीला आहे, माकडांच्या एका कळपाचा अभ्यास करते. प्रोजेक्टचे अजून आठ महिने बाकी. तिचा पहिला पेपर, म्हणजे छापायला पाठवलेला संशोधन-लेख, रिजेक्ट झाला, त्या रात्री घरी फोन करून रडली. दादांचं म्हणणं असं की तिला हे झेपत नाहीये, थोरला आयटीत सेटल झाला आणि हिच्या मात्र अजून ‘माकडचेष्टा’ चालल्यात, तर मार्चपर्यंत पेपर आला नाही तर सोडून द्यायचं आणि बँकेच्या परीक्षांना बसायचं ‘असं ठरलंय’. मी फक्त तिला एक फोन करायचा, आणि तोही त्यांचं नाव न सांगता, सहज केल्यासारखा.

नेट, गेट, पीएचडीच्या एन्ट्रन्स, बँकेच्या परीक्षा, याची माहिती ढीगभर पडलीये आणि तुमच्या मुलीला ती माझ्यापेक्षा जास्त असेल, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

आधी ते ‘ठरलंय’. कोणी ठरवलं? अख्ख्या पत्रात मुलीचं स्वतःचं एक वाक्य नाही. तिचा सीव्ही जोडलाय, मार्कशीट जोडलीये, फोन नंबर दिलाय, पण ती काय म्हणते ते कुठेच नाही. लग्नाच्या बायोडाटासारखं पाठवलंय सगळं, रागवू नका पण मला तसंच वाटलं. आणि तिच्या कामाबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात त्यावरून एवढंच कळतं की ती सकाळी लवकर निघते, संध्याकाळी येते आणि मधे माकडं असतात. दोन वर्षांत तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का की तू नक्की काय लिहून आणतेस रोज?

रडली त्याबद्दल. पेपर रिजेक्ट होणं हे या धंद्यात पावसात भिजण्यासारखं आहे, बाहेर पडलात की भिजणारच. मोठमोठ्या लोकांचे होतात. पेपर छापायच्या आधी त्याच विषयातली माणसं तो तपासतात, ते परीक्षक. तुम्ही लिहिलंय की ‘11 माकडांवर काय संशोधन होणार असं परीक्षकांनी म्हटलं’, तर ते बहुतेक तसं नसणार, मला जे कळतं त्याप्रमाणे त्यांचा आक्षेप वेगळा असावा. समजा 11 माकडांच्या 400 नोंदी आहेत, तर त्या 400 स्वतंत्र नोंदी धरता येत नाहीत, कारण तेच माकड परत परत मोजलं जातंय आणि एखादं मुळातच चिडकं असेल तर ते सगळा हिशोब वाकवतं. 1984 मध्ये हर्लबर्ट नावाच्या इकॉलॉजिस्टने या चुकीवर एक गाजलेला पेपर लिहिला आणि तेव्हापासून परीक्षक हे आवर्जून तपासतात. यावर उपाय आहे, प्रत्येक माकडाची ओळख धरून चालणारं वेगळं स्टॅटिस्टिकल मॉडेल लावायचं, काही आठवड्यांचं काम. म्हणजे तिला ‘तुझ्याच्याने होणार नाही’ असं कोणी म्हटलेलं नाही, ‘हे असं परत करून बघ’ म्हटलंय. पहिलं वाक्य तिला दुसरीकडून ऐकू आलं असणार दादा, आणि ते कुठून ते तुम्हाला माहिती आहे. ती रडायला घरीच फोन करते ही चांगली गोष्ट आहे, पण तुम्ही त्याचा पुरावा केलात तर पुढच्या वेळी करणार नाही.

आता ‘बघत बसते’. हा गैरसमज एकट्या तुमचा नाही, या विषयात शिरू बघणाऱ्या निम्म्या मुलांचाही असतो, त्यांनाही वाटतं जंगलात फिरायचं, फोटो काढायचे, मजा. मी एकदा अशाच कामावर असलेल्या एका मुलीबरोबर अख्खी सकाळ काढलीये. तिने एक माकडीण निवडली होती, आधीच चिठ्ठी टाकून, समोर दिसली म्हणून नाही. घड्याळ दर मिनिटाला टिक् करायचं आणि ही रेकॉर्डरमध्ये हळू आवाजात बोलायची, बसलीये, बसलीये, खाजवतेय, बसलीये, पान तोंडात, बसलीये. दहा मिनिटं हे. मधेच डावीकडे दोन नरांची अशी काय जुंपली की धूळ उडाली, मी ओरडलेच अगं ते बघ ते बघ, तर हिने मान वळवली नाही. दहा मिनिटं संपल्यावर म्हणाली, ताई, भांडण सगळ्यांनाच दिसतं, म्हणून तर बघायचं नाही. म्हणजे असं की डोळा नेहमी आरडाओरड्याकडे जातो, आणि जे दिसलं ते लिहीत गेलं तर वहीत नुसती भांडणं भरतात आणि माणूस निष्कर्ष काढतो की माकडं भांडकुदळ असतात, प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग ती बसलेली असतात, खात असतात, एकमेकांच्या अंगातलं वेचत असतात. म्हणून प्राणी आधी ठरवायचा, वेळ आधी ठरवायची आणि काही घडो न घडो, तेवढंच लिहायचं. ही पद्धत 1974 साली जीन ऑल्टमन यांनी एका पेपरमध्ये नीट मांडली, त्या केनियातल्या अंबोसेलीला बबून माकडांवर काम करायच्या. मूळ शिक्षण गणिताचं, आणि हा पेपर लिहिला तेव्हा त्यांची स्वतःची पीएचडी झालेली नव्हती. आजही या कामात उतरणाऱ्याला तो वाचावाच लागतो. तेव्हा तुमची मुलगी बघत बसते ते बरोबरच आहे, फक्त कुठे बघायचं नाही हे शिकायला तिला वर्ष गेलं असेल.

आणि बघणं हा त्यातला छोटा भाग. तासाभराच्या व्हिडिओतून नोंदी काढायला कित्येक तास जातात, मग तोच व्हिडिओ दुसऱ्या माणसाला देऊन दोघांच्या नोंदी किती जुळतात ते तपासायचं, नाही जुळल्या तर व्याख्या परत लिहायच्या. ‘धमकावणं’ म्हणजे नक्की काय, भुवया वर करणं की दात दाखवणं, की दोन्ही? यावर ही मुलं आठवडाभर वाद घालतात. मग सगळं आर नावाच्या प्रोग्रॅममध्ये, कोड लिहून. तिच्या सीव्हीत शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात ‘आर, मिक्स्ड मॉडेल्स’ असं लिहिलंय, ते तुम्ही बघितलं नसणार. मिक्स्ड मॉडेल म्हणजे वर सांगितलं तेच, प्रत्येक माकडाची ओळख धरून चालणारं, आणि तीच मॉडेल्स औषधांच्या चाचण्यांतही वापरतात. (सीव्हीत ती ओळ वर घ्यायला सांगा तिला, एवढा एक सल्ला फुकट.)

‘माकडचेष्टा’ या शब्दावर मी हसले, कारण खरंच तोच तिचा विषय आहे आणि तुम्ही तो शिवी म्हणून वापरलात. निको टिंबर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने 1963 मध्ये सांगितलं की कुठल्याही चेष्टेला, म्हणजे प्राण्याच्या वागण्याला, चार प्रश्न विचारा. आत्ता ती कशामुळे झाली, त्या प्राण्यात लहानाचं मोठं होताना ती कशी आली, तिचा त्याला जगायला उपयोग काय, आणि पिढ्यानपिढ्या मागे जाऊन ती मुळात आली कुठून. 1973 ला त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं, तेही मेडिसिनचं.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल बाई मुलीच्या बाजूने झाल्या. तसं नाहीये. तुमच्या मुलीने मला विचारलं असतं तर मी तिला जास्त टोचून बोलले असते. या क्षेत्रात कायमच्या जागा फार थोड्या आहेत, पीएचडीला पाच-सहा वर्षं, पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, थोडक्यात पस्तिशीपर्यंत दर दोन-तीन वर्षांनी नवं कॉन्ट्रॅक्ट, नवं गाव. बरेच जण पीएचडीनंतर डेटाच्या नोकरीत, संवर्धनाच्या संस्थांत, शिकवण्यात जातात आणि त्यात काही वाईट नाही, पण हे आत्ताच माहीत असावं. ‘मला प्राणी आवडतात’ एवढ्यावर मी कोणालाच या वाटेला लावत नाही, प्राणी आवडत असतील तर घरी मांजर पाळावं. मी तिला विचारलं असतं की प्रोजेक्ट संपल्यावर डेटा कोणाचा, पेपरवर तुझं नाव कितवं आणि हे कुठे लिहून घेतलंयस का, तुझे सर मेलला उत्तर द्यायला किती दिवस लावतात, रेबीजची लस आधीच घेतलीयेस का, फील्डवर एकटी असशील तर संध्याकाळी तू परतलीस की नाही हे बघायला कोणी आहे का. आठ महिन्यांत पीएचडीला कुठे कुठे अर्ज करणार त्याची यादी दाखव. यातल्या निम्म्या प्रश्नांना धड उत्तरं आली नसती तर मी म्हटलं असतं की बाई, हा प्रोजेक्ट सोड. विषय सोड असं नसतं म्हटलं. मार्चची तारीख तर मुळीच घातली नसती, कारण पेपर पाठवल्यावर परीक्षकांकडून उत्तर यायलाच कित्येक महिने जातात आणि त्यात तिच्या हातात काहीच नसतं.

मी खरी अडकले ते शेवटाला. सहीच्या आधी तुम्ही एक ओळ घातलीये, ‘मी पुढच्या वर्षी रिटायर होतोय, घराचे हप्ते अजून आहेत, हे मुलांना सांगितलेलं नाही’. दादा, खरं पत्र ही एक ओळ आहे. बाकीची तीन पानं तुम्ही ती लिहायला घाबरलात म्हणून लिहिलीत असं मला वाटतं. स्कोप, झेपणं, थोरल्याशी तुलना, हे सगळं ती ओळ झाकायला. आणि मुलीला काय दिसतं, की बाबांना माझं काम फालतू वाटतं. तुम्हाला पैशाची भीती वाटते हे तिला कळलं तर ती कदाचित स्वतःच वेगळा विचार करेल, फेलोशिप असलेलीच पीएचडी घेईल, वर्षभर डेटाची नोकरी करून मग येईल, भावाशी बोलून हप्त्यांचं काहीतरी दोघं मिळून बघतील, किंवा काहीच बदलणार नाही पण निदान तिला कारण खरं माहीत असेल. 26 वर्षांच्या मुलीला घराचा हिशोब कळतो. थोरल्यालाही सांगितलेलं नाही हे तर मला फारच नवल वाटलं.

तेव्हा हे करिअरचं पत्र नाही आणि मी त्याला करिअरचं उत्तर देत नाही. या रविवारी दोघांना एकत्र फोनवर घ्या आणि ती ओळ वाचून दाखवा. तिला तिची वही दाखवायला सांगा, एकच पान चालेल, कळलं नाही तर विचारा. त्यानंतर तिला काही विचारावंसं वाटलं तर तिने मला लिहावं, स्वतःच्या मेलवरून, मी उत्तर देईन.

नाव न सांगता फोन मी करणार नाही. तुम्ही दिलेला तिचा नंबर मी डिलीट केलाय.