घरच्या मीडिया सेंटरमध्ये चित्रपटांच्या एनएफओ फाइली आणि पोस्टरे कशी लावावीत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की वडिलांनी जमवलेल्या मराठी-हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी आपण हार्ड डिस्कवर उतरवल्या, टीव्हीला जोडलेल्या छोट्या संगणकावर कोडी हे चित्रपटांची यादी दाखवून ते लावणारे सॉफ्टवेअर बसवले, पण अनेक चित्रपटांना भलतीच पोस्टरे लागली, जुन्या मराठी चित्रपटांची माहिती सापडलीच नाही, आणि फोल्डरांत विखुरलेल्या एनएफओ फाइली (चित्रपटाची माहिती लिहिलेल्या छोट्या फाइली) ठेवाव्यात की पुसाव्यात हे कळत नाही. मीही मुंबईतच राहतो आणि असाच एक संग्रह बरीच वर्षे सांभाळत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

चित्रपटाची माहिती चित्रपटाच्या शेजारी, त्याच फोल्डरात राहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कोडी इंटरनेटवरून जे काही आणते ते स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते, आणि संगणक बदलला किंवा कोडी नव्याने बसवले की ते सगळे, आपण हाताने केलेल्या दुरुस्त्यांसकट, नाहीसे होते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला छोटा संगणक आज ना उद्या बदलावा लागतोच; डिस्कवरचे फोल्डर मात्र जसेच्या तसे नव्या डिस्कवर नेता येतात. शिवाय पुढे कोडी सोडून जेलीफिन या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जावेसे वाटले, तरी तेही याच एनएफओ फाइली वाचते.

सुरुवात नावांपासून करावी. प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर द्यावा आणि त्याच्या नावात चित्रपटाचे नाव व कंसात प्रदर्शनाचे वर्ष लिहावे. वर्ष गाळले की घोळ होतो, कारण ‘श्यामची आई’ १९५३चा आहे आणि २०२३चाही, ‘अग्निपथ’ १९९०चा आहे आणि २०१२चाही. नुसत्या नावावरून यांपैकी कोणता आपल्याकडे आहे हे सॉफ्टवेअरला कळणे शक्य नाही. आपल्याकडची भलती पोस्टरे बहुधा याच कारणाने लागली असावीत.

फाइलींची आणि फोल्डरांची नावे रोमन लिपीत ठेवावीत, हे मी मराठीवरच्या प्रेमापोटीच सांगतो आहे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवर ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ हा ‘र’ आणि नुक्ता असा फोडून साठवला जातो. डोळ्यांना नाव तेच दिसते, पण विंडोजवर टंकलेल्या नावाशी ते जुळत नाही, आणि मग व्हिडिओ व एनएफओची जोडी लागत नाही. देवनागरीची खरी जागा एनएफओच्या आत आहे. विंडोजवर नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

एनएफओ ही साधी मजकुराची फाइल असते आणि ती कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. तिचे नाव व्हिडिओच्या नावाशी अक्षरशः सारखे असावे, फक्त शेवटी एनएफओ. पोस्टरला तेच नाव देऊन पुढे जोडरेघ आणि ‘पोस्टर’, तर पार्श्वचित्राला ‘फॅनआर्ट’ असे जोडावे. फाइलच्या आत ‘मूव्ही’ या मुख्य टॅगखाली (टॅग म्हणजे कोणती माहिती कुठली हे सांगणारी, टोकदार कंसांतली खूण) ‘टायटल’, ‘ओरिजिनलटायटल’, ‘सॉर्टटायटल’, ‘प्रीमिअर्ड’, ‘प्लॉट’, ‘अ‍ॅक्टर’ असे टॅग येतात; हे टॅग आणि वरचे ‘पोस्टर’, ‘फॅनआर्ट’ हे शब्द मी इथे देवनागरीत लिहिले असले तरी प्रत्यक्षात ते इंग्रजी छोट्या अक्षरांतच हवेत. फाइल यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत जतन करावी, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. ‘टायटल’ देवनागरीत दिले तर ‘सॉर्टटायटल’ रोमनमध्ये द्यावे, म्हणजे सगळे मराठी चित्रपट यादीच्या तळाशी न जाता वर्णक्रमाने इतरांत मिसळतात. मात्र टीव्हीवर जोडाक्षरे नीट दिसतात की नाही हे स्किनच्या, म्हणजे कोडीच्या पडद्यावरील मांडणीच्या, फॉन्टवर अवलंबून असते, तेव्हा आधी एकाच चित्रपटावर हे करून पाहावे.

सर्वांत मोलाचा टॅग ‘युनिकआयडी’. त्यात आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावरचा ‘टीटी’ने सुरू होणारा क्रमांक किंवा टीएमडीबी या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावरचा क्रमांक लिहिला की ओळखीचा प्रश्न कायमचा मिटतो. प्रभातचा १९३७ सालचा ‘कुंकू’ आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ यांचे उदाहरण घ्या: दिग्दर्शक व्ही. शांताराम, नायिका शांता आपटे, वर्ष एकच, पण चित्रपट दोन भाषांतले दोन. डीव्हीडी दोन्ही असतील तर फोल्डर दोन, एनएफओ दोन, आणि ‘ओरिजिनलटायटल’ प्रत्येकाचे ज्याचे त्याचे.

जुन्या मराठी चित्रपटांचे कथासार स्वतः मराठीत लिहावे, असा माझा आग्रह आहे. डीव्हीडीच्या वेष्टनावर गीतकार, संगीतकार, छायालेखक यांची नावे असतात. पुढे वेष्टने हरवतात, तेव्हा ती आताच उतरवून घ्यावीत. टीएमडीबीवर कोणालाही खाते उघडून मराठी माहिती भरता येते. तिथे भरलेले आपल्यासारख्या आणखी कुणाच्या तरी घरी उपयोगी पडते.

दुरुस्त केलेली एनएफओ कोडी आपणहून पुन्हा वाचत नाही. चित्रपटाच्या माहितीच्या पानावर जाऊन रिफ्रेश दाबावे. फाइल जवळच सापडली आहे, ती बाजूला ठेवून इंटरनेटवरून माहिती आणू का, असे विचारले जाते, तिथे ‘नाही’ म्हणावे. घाईत ‘हो’ दाबले तर पडद्यावर पुन्हा इंटरनेटवरची माहिती येते. आपली फाइल मात्र शाबूत असते, तेव्हा परत रिफ्रेश करावे.

आता विखुरलेल्या जुन्या फाइलींविषयी. काहीही पुसण्याआधी सेटिंग्जमधील मीडियाच्या लायब्ररी विभागातून एक्स्पोर्ट करावे आणि ‘स्वतंत्र फाइली’ हा पर्याय निवडावा, म्हणजे आजवर नीट बसलेली माहिती व चित्रे आपापल्या फोल्डरात लिहिली जातात. जुनी फाइल सापडल्यास तिच्यावर लिहू का असे कोडी विचारते; आपण हाताने लिहिलेल्या एनएफओ असतील तर ‘नाही’ म्हणावे. त्यानंतर उरलेल्या फाइली एकेक उघडून पाहाव्यात. ज्यांत ‘मूव्ही’ टॅग किंवा आयएमडीबीचा दुवा आहे त्या, चित्रपट तोच असल्याची खात्री करून, ठेवाव्यात. ज्यांत नुसती चिन्हांची नक्षी आहे त्या काढून टाकाव्यात. टीबीएन नावाच्या फाइली या वास्तविक चित्रेच असतात, शेवट जेपीजी असा बदलला की त्या उघडतात. त्यांत एखादे चांगले पोस्टर असू शकते.