विटबिअर पहिल्यांदा चाखताना

अरे, विटबिअर म्हणजे गव्हाची बेल्जियन बिअर, फ्रिजमधून काढली की लगेच तोंडाला लावू नकोस. पणजीच्या उकाड्यात मोह होतोच, पण बर्फगार बिअरला वास येत नाही. पाच-सात मिनिटं थांब. बरीचशी ग्लासात ओत, उरलेली बाटलीतच हळू फिरव आणि तळाचा गाळही घे. तो गढूळपणा गव्हाचा आणि यीस्टचा, हवाच. मग नाक जवळ ने. आधी संत्र्याची साल, मागून धने. म्हापशाच्या बाजारातले कच्चे धने तळहातावर चुरडून बघ, अगदी तोच लिंबासारखा वास! लवंगेचा भास झाला तर ते यीस्टचं काम. बेल्जियमच्या हूगार्डन गावात बंद पडलेली ही बिअर पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली, केवढे उपकार! सोबत तिखट रेशाद मसाल्याचं काही नको, सगळी चव दबते. तिसऱ्यांचं सुकं घे.