सगळ्यांकडे सारखंच ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) असलेली स्पर्धा हवीय, कोणतं घेऊ?

प्रश्न: ग्लायडिंगमधला सिल्व्हर बॅज (कौशल्याचा एक टप्पा) झालाय, आता स्पर्धेत उतरायचंय. पैशाचा खेळ नको, म्हणून वन-डिझाइन क्लासच, म्हणजे सगळे एकाच मॉडेलवर उडतात तो गट, बरा वाटतो. पीडब्ल्यू-५ हे ग्लायडर घेऊ का?

उत्तर: विचार पटतो हो, पण आता त्या क्लासची स्पर्धाच राहिली नाहीये! १३.४४ मीटर पंखांचं हे पोलिश ग्लायडर वर्ल्ड क्लास या वन-डिझाइन गटासाठी निवडलं, १९९७ मध्ये तुर्कस्तानात पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, पुढे क्लासच गुंडाळला. ग्लाइड रेशो साधारण ३२ (म्हणजे एक किलोमीटर उंची गमावून साधारण ३२ किलोमीटर पुढे), वजनाला हलकं, त्यामुळे समोरून वारा असला की स्पीड वाढवावा लागतो आणि वाढवला की उंची भराभर जाते, पुढचं थर्मल (वर चढणारी गरम हवा) मिळेपर्यंत जीव टांगणीला. शिकायला मात्र झकास.

माझं ऐकाल तर क्लब क्लास (जुन्या ग्लायडरांचा स्पर्धा-गट) बघा. स्टँडर्ड सिरस किंवा एलएस-४ सारखं जुनं १५ मीटरवालं घ्या, तिथे पाण्याचं बॅलस्ट (वजन वाढवायला भरलेलं पाणी) चालत नाही आणि हँडिकॅप असतो, म्हणजे ग्लायडरच्या कुवतीप्रमाणे गुण जुळवून घेतात, म्हणजे तुम्हाला हवी ती बरोबरी बऱ्यापैकी मिळतेच. आणि हो, घेण्याआधी पॅराशूट लावून, कॅनॉपी (कॉकपिटचं पारदर्शक झाकण) बंद करून तासभर आत बसून बघा, गुडघे पॅनलला टेकत असतील तर स्पर्धेतल्या पाच तासांच्या टास्कमध्ये (ठरवून दिलेल्या उड्डाणात) हाल होतील. ट्रेलरही नीट तपासा, तिकडे कुणी बघतच नाही.